परतीचे रक्त : सिरा, झडपा आणि पोटरी

रक्ताभिसरणाचा विषय निघाला, की आयुर्वेदाच्या व्यासपीठावर एक वाक्य हमखास ऐकावयास मिळते : हार्वेच्या कित्येक शतके आधी आपल्या संहिताकारांना हे सारे ज्ञात होते. त्यावर दुसऱ्या पक्षाचे उत्तरही ठरलेले असते : संहितांत सिरांचे मूळ नाभी सांगितले आहे, तेव्हा तेथील शारीर केवळ काल्पनिक आहे. दोन्ही वाक्ये उच्चारण्यास सोपी आहेत आणि दोन्ही वाक्ये उच्चारणाऱ्यास मूळ ग्रंथ उघडण्याची गरज पडत नाही. प्रस्तुत लेखात या वादात एका मर्यादेपर्यंतच शिरावयाचे आहे. कारण या वादाच्या गदारोळात अभिसरणाचा जो भाग वैद्याच्या दैनंदिन व्यवहारात सर्वाधिक उपयोगाचा आहे, तोच नेमका दुर्लक्षित राहिला आहे. तो भाग म्हणजे रक्ताचे परत येणे.

हृदयातून रक्त बाहेर जाते हे नाडीवर बोट ठेवणाऱ्या कोणालाही जाणवते. छेद झाला असता उसळणारी धमनी ते उघडपणे सांगते. परत येणारे रक्त मात्र मूक असते. त्याला स्पंदन नाही, ध्वनी नाही, वेग बेताचा. म्हणूनच जगातील सर्व प्राचीन वैद्यकांना बहिर्गमनाची कल्पना सहज आली आणि परतीची कल्पना येण्यास फार काळ लागला.

संहिता काय म्हणतात

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात हृदयाशी संबद्ध अशा दहा महामूल वाहिन्या सांगितल्या आहेत आणि तेथेच धमन, स्रवण व सरण या तीन क्रियांवरून धमनी, स्रोतस व सिरा या तीन संज्ञांची व्युत्पत्ती दिली आहे. चिकित्सास्थानाच्या ग्रहणी अध्यायात व्यान वायू रसधातूला एकाच वेळी, सर्व दिशांना आणि अखंड फेकीत असतो असे प्रतिपादन आहे. शिवाय, फेकला जाणारा हा रस जेथे स्रोतसात वैगुण्य असेल तेथे अडकतो आणि आकाशात अडलेल्या मेघाने वृष्टी करावी तशी त्या ठिकाणी विकृती उत्पन्न करतो, असेही तेथेच म्हटले आहे. हे शेवटचे विधान वाचकांनी ध्यानात ठेवावे. लेखाच्या उत्तरार्धात त्याचे प्रयोजन पडणार आहे.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या शोणितवर्णनीय अध्यायात रसाचे स्थान हृदय मानले असून तेथून तो चोवीस धमन्यांत प्रवेश करतो असे सांगितले आहे : दहा ऊर्ध्वगामी, दहा अधोगामी आणि चार तिर्यग्गामी. रस शब्दाची उपपत्तीच मुळी गतिवाचक धातूवरून लावली आहे. जो अहोरात्र जात राहतो तो रस. त्याच्या गतीला शब्द, ज्वाला आणि जल यांच्या प्रसाराची उपमा दिली आहे. शारीरस्थानात मात्र सातशे सिरांचे मूळ नाभी आहे असे येते आणि पाटांच्या पाण्याने भिजणाऱ्या उद्यानाचा दृष्टांत येतो. या दृष्टांताकडे लक्षपूर्वक पाहावे. पाटाचे पाणी वाफ्यात जाते, मातीत जिरते, रोपे वाढतात. ते विहिरीत परत येत नाही. सुश्रुतांची सिरा ही पोषण पोहोचविणारी वाहिनी आहे, परत आणणारी नव्हे.

नाभी हे मूळ का मानले असावे, याचे एक समाधानकारक उत्तर गर्भाच्या अवस्थेत मिळते. गर्भाचे संपूर्ण पोषण नाभिनाडीतून होते. त्या नाडीत एक सिरा व दोन धमन्या असतात आणि जन्मानंतर त्या बंद होऊन त्यांच्या दोऱ्या उरतात. गर्भाच्या दृष्टीने वाहिन्यांचे द्वार नाभी हेच असते. तथापि हे विधान प्रौढ शरीरास जसेच्या तसे लावणे योग्य होणार नाही.

परतीचा स्पष्ट उल्लेख येतो तो भेलसंहितेत. हृदयातून रस निघून सर्वत्र जातो आणि सिरांच्या द्वारे पुन्हा हृदयाकडे येतो, असा तेथील श्लोकाचा सरळ अर्थ होतो. ही संहिता तंजावर येथील त्रुटित हस्तलिखितावरून १९२१ मध्ये कलकत्ता विद्यापीठाने छापली. विधान खरोखरच विलक्षण आहे आणि त्याचा अभिमान बाळगण्यास कोणाचीच हरकत नसावी. परंतु ते एक विधान आहे. त्यामागे मोजमाप नाही, परतीचा मार्ग कोणत्या रचनेने राखला जातो याचे विवेचन नाही आणि पुढील ग्रंथकारांनी ते उचलून धरल्याचेही दिसत नाही. बीज पेरले गेले. त्याचा वृक्ष झाला नाही, असे म्हणणे सत्याला धरून होईल.

पट्ट कोठे बांधावा

असे असले तरी संहितांत एक जागा अशी आहे, की जेथे शल्यवैद्याच्या हाताला सिद्धांताहून अधिक कळत होते. सुश्रुत शारीरस्थानाचा आठवा अध्याय सिराव्यधाचा. रुग्णास कसे बसवावे, मूठ कशी आवळावयास लावावी, अंगठा मुठीच्या आत कसा असावा, याचे बारकावे तेथे आहेत. पायातील सिरेचा वेध करताना वेधस्थानाच्या चार अंगुले वर वस्त्रादिकाने बंध बांधावा असा आदेश आहे. वर, खाली नव्हे.

या एका शब्दावर विचार करावा. सिरांमधून रक्त जर नाभीकडून पायाकडे जात असते, तर मांडीकडील बाजूस बांधलेल्या पट्टाने प्रवाह वरच्या वर अडला असता आणि बंधाच्या खालची सिरा रिकामी पडली असती. प्रत्यक्षात बंधाच्या खालची सिराच टरारून फुगते, वेध होताच त्याच फुगलेल्या सिरेतून रक्त वाहते आणि पट्ट सोडला की प्रवाह मंदावतो. याचा अर्थ एकच होतो : सिरेतील रक्त पायाकडून वर जात होते. सिराव्यध करणारा प्रत्येक वैद्य गेली दोन हजार वर्षे हा प्रयोग करीत आला आहे. आज रक्त तपासणीसाठी दंडाला रबरी पट्टा बांधणारा तंत्रज्ञही तोच प्रयोग दिवसातून पन्नास वेळा करतो.

इंग्लंडमध्ये विल्यम हार्वे यांनी १६२८ साली फ्रँकफर्ट येथे आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातील युक्तिवादाचा एक आधारस्तंभ हाच होता. युरोपातही रक्तमोक्षण रोजचे होते आणि बंध बांधणारे हात तेथेही असंख्य होते. हार्वे यांनी त्या परिचित क्रियेला प्रश्न विचारला. दंडाला अतिशय घट्ट बंध बांधला तर मनगटाची नाडी नाहीशी होते, हात थंड पडतो, परंतु सिरा फुगत नाहीत. बंध मध्यम केला की नाडी लागते, हात लाल होतो आणि सिरा भरभरून वर येतात. घट्ट बंधाने खोलवरची धमनी दबते, त्यामुळे हातात रक्त येतच नाही. मध्यम बंधाने केवळ वरवरच्या सिरा दबतात, त्यामुळे धमनीने आलेले रक्त परत जाऊ शकत नाही. म्हणजे जे रक्त धमनीने येते तेच सिरेने जाते. सिराव्यध करताना पट्ट बांधल्यावर मनगटाची अथवा पावलाची नाडी तपासून पाहण्याची सवय ज्यांना आहे, त्यांना हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. नाडी लोपली असेल तर कितीही वेळ थांबले तरी सिरा वर येत नाही.

सिरांतील झडपा हार्वे यांच्या गुरूंनी, पादुआ येथील फाब्रिसियस यांनी, १६०३ साली सचित्र प्रसिद्ध केल्या होत्या. त्यांनी झडपा पाहिल्या, रेखाटल्या आणि त्यांचा अर्थ मात्र चुकीचा लावला. हातापायांत रक्त एकदम धावून जाऊ नये म्हणून निसर्गाने हे बांध घातले आहेत, असे त्यांना वाटले. शिष्याने त्याच झडपांकडे पाहून ओळखले, की या केवळ हृदयाच्या दिशेने उघडणाऱ्या आहेत. आपल्या विद्यार्थ्यांना हे दाखविणे अगदी सोपे आहे. पट्ट बांधलेल्या सडपातळ हाताच्या एखाद्या ठळक सिरेवर एक बोट दाबून ठेवावे आणि दुसऱ्या बोटाने तेथून वरच्या बाजूस रक्त पुसत न्यावे. झडपेच्या वर गेलेले रक्त खाली उतरत नाही. मधला भाग चपटा राहतो. खालचे बोट उचलताच तो क्षणात भरतो. कोणत्याही चित्रापेक्षा हे प्रात्यक्षिक अधिक बोलके आहे.

हार्वे यांचा दुसरा आधार गणिताचा होता. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यास बाहेर पडणाऱ्या रक्ताचे प्रमाण त्यांनी मुद्दाम कमीत कमी धरले, अर्ध्या तासात हजारांहून अधिक ठोके धरले आणि दाखवून दिले, की इतके रक्त खाल्लेल्या अन्नापासून नव्याने बनणे अशक्य आहे. आजच्या आकड्यांनी हा हिशेब अधिक ठसठशीत होतो. विश्रांतीत एका ठोक्यास सुमारे ७० मिलिलिटर, मिनिटाला सुमारे ७० ठोके; म्हणजे मिनिटाला सुमारे ५ लिटर. दिवसाचे होतात सात हजार लिटर. आपल्याकडे उन्हाळ्यात गावोगाव जाणारा दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर दोन तृतीयांशांहून अधिक भरेल इतके हे प्रमाण आहे. आणि प्रौढ शरीरातील एकूण रक्त मात्र सुमारे ५ लिटर! तेच रक्त सुमारे मिनिटाभरात पुन्हा हृदयात येते, एवढाच याचा अर्थ उरतो. पाटाच्या पाण्याचा दृष्टांत येथे अपुरा पडतो.

एक दुवा हार्वे यांना अखेरपर्यंत सापडला नाही. धमनीतून रक्त सिरेत जाते कसे, हे त्यांना डोळ्यांनी दिसले नाही. ते १६५७ मध्ये निवर्तले आणि १६६१ मध्ये इटलीतील मार्सेलो माल्पिघी यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या. फुप्फुसांतून होणाऱ्या अभिसरणाचे वर्णन त्याच्याही आधी, तेराव्या शतकात, इब्न अल्-नफीस या अरब वैद्याने केले होते, हे येथे नमूद करणे उचित ठरेल. ज्ञानाचे श्रेय देशनिहाय वाटून घेण्याची घाई करणाऱ्यांना हा इतिहास थोडा गैरसोयीचा आहे.

केशवाहिन्यांपासून पुढे

महाधमनीत रक्ताचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ३३ सेंटिमीटर असतो. केशवाहिन्यांत तो सुमारे हजार पटींनी घटून सेकंदाला जेमतेम तृतीयांश मिलिमीटर उरतो. एक एक केशवाहिनी तांबड्या पेशीला कशीबशी वाट देईल इतकी अरुंद असली, तरी सर्वांचे एकत्रित क्षेत्रफळ महाधमनीच्या हजार पट आहे. नदी समुद्रमुखाशी पसरून मंद व्हावी तसा हा प्रकार. या मंदगतीमुळेच प्राणवायू, जल व पोषकांश यांची देवाणघेवाण होण्यास अवसर मिळतो.

येथे द्रवाचा काही अंश केशवाहिनीच्या भित्तीतून बाहेर झिरपतो. झिरपलेला बहुतांश द्रव केशवाहिनीच्या सिरेकडील टोकाशी पुन्हा आत शोषला जातो, असे आपण पाठ्यपुस्तकांत शिकलो. अलीकडील संशोधनाने या चित्रात दुरुस्ती केली आहे. बहुतेक धातूंत असे शोषण सातत्याने होत नाही आणि झिरपलेला द्रव मुख्यतः लसिकावाहिन्यांच्या मार्गाने परततो, असे आता मानले जाते. शोथाचा विचार करताना लसिकेला दुय्यम स्थान देण्याची जी सवय आपणा सर्वांना लागली आहे, ती यापुढे सोडावी लागेल. मानेच्या मुळाशी लसिका सिरेत मिसळते. आहारातील स्नेहाचा बराचसा अंश याच मार्गाने, यकृताला वळसा घालून, थेट हृदयाकडे जातो, हे आहाररसाचे स्थान हृदय मानणाऱ्या आपल्या परंपरेच्या अभ्यासकांना मननीय वाटेल.

केशवाहिन्या ओलांडून रक्त सिरांत येते तेव्हा हृदयाने दिलेला जोर जवळजवळ संपलेला असतो. महाधमनीतील सरासरी दाब सुमारे ९५ मिलिमीटर पारा. केशवाहिन्यांच्या अखेरीस तो १५ च्या आसपास आणि दक्षिण अलिंदात शून्याच्या जवळ. मनुष्य आडवा असताना एवढ्या उतारावर रक्त सुखाने हृदयात येते. तो उभा राहिला, की पावलापासून हृदयापर्यंतचा सव्वा मीटर उंचीचा रक्तस्तंभ उभा राहतो. निश्चल उभ्या माणसाच्या पावलातील सिरेचा दाब ८० ते ९० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत चढतो. देहातील सुमारे दोन तृतीयांश रक्त कोणत्याही क्षणी सिरांतच असते आणि सिरा ताणल्या जाणाऱ्या असल्याने अर्धा-पाऊण लिटर रक्त सहज पायांत साठून राहते.

हृदय ओढून घेणारे यंत्र नव्हे. जेवढे परत येईल तेवढेच ते पुढे पाठवू शकते. ऑटो फ्रँक आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्याच्या प्रारंभी प्रयोगांनी हे सिद्ध केले. म्हणून परत येणारे रक्त घटले की मेंदूकडे जाणारे रक्तही घटते. शाळेच्या मैदानावर ध्वजवंदनाला ताठ उभी राहिलेली मुले का कोसळतात, याचे एक प्रमुख कारण हेच. ती आडवी होताच पायांतील रक्त हृदयाच्या पातळीवर येते आणि क्षणभरात त्यांना शुद्ध येते. भोवतालची मंडळी मात्र दयाभावाने त्यांना उचलून बसते करतात आणि निसर्गाने योजलेला उपचार मोडून काढतात. अशा मुलास निजवावे आणि पाय किंचित उंच धरावेत, एवढेच पुरे.

निसर्गाने या चढणीवर तीन साहाय्यक नेमले आहेत. श्वास आत घेताना उरातील दाब घटतो, उदरातील वाढतो आणि रक्त वर सरकते. सिरांच्या भित्ती स्वतः आकुंचन पावू शकतात. या दोहोंचे कार्य मोलाचे आहे, परंतु चालत्या माणसात खरा भार वाहते ती पोटरी. पोटरीचे स्नायू एका ताठर आवरणात बांधलेले असून त्यांच्या मधून खोल सिरा जातात. पायातील रक्तापैकी सुमारे नऊ दशांश रक्त याच सिरांनी वर जाते. प्रत्येक पावलागणिक स्नायू आवळतात, सिरा पिळल्या जातात, झडपा खालचा मार्ग बंद करतात आणि रक्त वरच्या टप्प्यात चढते. स्नायू सैल होताच रिकाम्या झालेल्या खोल सिरांत त्वचेखालील सिरांतले रक्त ओढले जाते. काही पावले चालताच पावलातील दाब ९० वरून ३० च्या खाली येतो. पोटरीस दुसरे हृदय म्हणतात ते अलंकारासाठी नव्हे.

झडपा निकामी झाल्यावर

ज्याला दिवसभर उभे राहावे लागते परंतु चालावे लागत नाही, त्याच्या पोटरीला हे कार्य करण्याची संधीच मिळत नाही. नाभिक, शिक्षक, उपाहारगृहातील स्वयंपाकी, यंत्रमागावरील कामगार, वाहतूक पोलीस हे रुग्ण आपल्या परिचयाचे आहेत. कौटुंबिक प्रवृत्ती आणि वारंवार गर्भधारणा यांची भर पडते. सिरा ताणल्या गेल्या, की झडपांचे दोन पडदे एकमेकांस टेकेनासे होतात. एक झडप निकामी झाली, की तिच्या खालच्या झडपेवर संपूर्ण स्तंभाचा भार येतो. यालाच आपण सिराकौटिल्य म्हणतो. सुश्रुतांनी निदानस्थानात सिराज ग्रंथीचे वर्णन करताना दुर्बळाने केलेला अतिव्यायाम हा हेतू सांगितला आहे आणि वायूने सिरांचे संकोचन व संपीडन होऊन ग्रंथी निर्माण होते असे म्हटले आहे. दोन्ही व्याधी एकच आहेत असा आग्रह धरू नये; परंतु सिरेच्या विकृतीत यांत्रिक ताणाची भूमिका त्यांना दिसली होती, हे मान्य करावे लागते.

अशा रुग्णात चालण्यानेही दाब पुरेसा उतरत नाही. वर्षानुवर्षे हा दाब सोसणारी त्वचा घोट्याच्या आतील बाजूस काळवंडते, खाजते, स्रवते आणि अखेरीस तेथे व्रण होतो. येथे आपल्याकडून घडणारा एक प्रमाद परखडपणे सांगितला पाहिजे. घोट्यावरील ही काळी, खाजणारी त्वचा विचर्चिका म्हणून महिनोन्महिने लेपांखाली झाकली जाते. रुग्णास उभे करून मांडीपर्यंत पाय पाहिला जात नाही. व्याधीचे मूळ त्वचेत नसून सिरेतील दाबात आहे, हे ध्यानी घेतल्यावाचून कोणताही लेप टिकाऊ फल देणार नाही. पाय हृदयाहून उंच ठेवून विश्रांती, पावलापासून गुडघ्यापर्यंत उतरत्या दाबाचा पट्टबंध आणि नियमित चालणे हे येथील मुख्य उपचार होत. रक्तमोक्षण, जलौका अथवा लेप यांचा विचार त्यांच्या जोडीने करावा. मात्र पट्टबंधापूर्वी पावलाची नाडी तपासावी. तंबाखूसेवी अथवा मधुमेही रुग्णात धमनीचा मार्गच अरुंद झालेला असेल, तर घट्ट पट्ट त्या पावलास घातक ठरू शकतो. त्याचप्रमाणे जलौकावचारण वा सिराव्यध करण्यापूर्वी रुग्ण रक्त पातळ करणारे कोणते औषध घेत आहे काय, हे विचारल्यावाचून पुढे जाऊ नये.

दोन्ही पाय सारखे सुजले असतील तर हृदय, वृक्क, यकृत यांचा विचार आपण करतोच. त्यात रक्तदाबासाठी घेतल्या जाणाऱ्या अॅम्लोडिपिनची भर घालावी; या औषधाने घोट्याशी सूज येणे हे नित्याचे आहे. पुनर्नवा देऊन तिच्यामागे धावण्यापेक्षा ज्या चिकित्सकाने ते औषध दिले त्याच्याशी बोलणे श्रेयस्कर.

एकच पाय सुजतो तेव्हा

आता मूळ विषयाचा सर्वांत गंभीर भाग. पोटरीच्या खोल सिरेत रक्त थबकले, सिरेच्या आतील अस्तराला इजा झाली किंवा रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढली, की तेथे गुठळी होते. शस्त्रकर्मानंतरचा शय्यावास, अस्थिभग्नासाठी घातलेले प्लॅस्टर, अर्बुद, गर्भनिरोधक गोळ्या, दीर्घ प्रवास ही नेहमीची कारणे. गर्भिणी आणि सूतिका यांत हा धोका विशेष वाढतो आणि प्रसूतीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत तो सर्वाधिक असतो. गर्भावस्थेतील अशी गुठळी बहुतांशी डाव्या पायात होते, कारण श्रोणीत डाव्या बाजूची मोठी सिरा उजवीकडे जाणाऱ्या धमनीच्या खालून येते आणि तेथे दाबली जाते.

ही गुठळी सुटली तर कोठे जाईल? अभिसरणाचा मार्ग बोटाने गिरवावा. पोटरीची सिरा, मांडीची सिरा, उदरातील अधोमहासिरा, दक्षिण अलिंद, दक्षिण निलय आणि तेथून फुप्फुसधमनी. वाटेतील प्रत्येक वाहिनी आधीच्या वाहिनीहून मोठी आहे, त्यामुळे गुठळी कोठेही न अडखळता पुढे जाते. फुप्फुसात वाहिन्या प्रथमच अरुंद होऊ लागतात आणि तेथे ती अडकते. पायातील गुठळीने उरात वेदना, श्वास आणि प्रसंगी तत्काळ मृत्यू का ओढवतो, हे परतीचा मार्ग माहीत असल्यावाचून समजणे अशक्य आहे. फेकला जाणारा रस वैगुण्याच्या ठिकाणी अडकतो, हे चरकवचन येथे आठवल्यास वावगे होणार नाही.

महाराष्ट्रात सूतिकेला तैलाभ्यंग करण्याची प्रथा घरोघरी आहे आणि आपण वैद्यही तिचा पुरस्कार करतो. तो योग्यच आहे. परंतु मालिश करणाऱ्या बाईंना, घरातील सासूबाईंना आणि स्वतः सूतिकेला एक सूचना स्पष्ट शब्दांत दिलेली असावी : एकाच पायाला सूज, पोटरीत दुखणे, पाय उष्ण वा जड लागणे यांपैकी काही आढळले, तर त्या पायाला तेल लावून चोळावयाचे नाही, शेकावयाचे नाही, आधी वैद्याला दाखवावयाचे. पोटरी चोळणे म्हणजे गुठळीवरील स्नायुपंप बाहेरून चालविणे होय. सैल गुठळी सुटण्यास त्याने निमित्त मिळू शकते. हाच नियम पंचकर्म केंद्रात शय्यावासानंतर, अस्थिभग्नानंतर अथवा पक्षाघातानंतर अभ्यंगासाठी येणाऱ्या रुग्णांना लागू आहे. पक्षाघाताने दुर्बळ झालेला पाय सुजला तर ती सूज हालचाल नसल्यामुळेच आहे असे गृहीत धरले जाते, आणि तेथेच घात होतो.

तपासणीस एक साधी मोजपट्टी पुरते. गुडघ्याखाली नडगीच्या हाडावर जो उंचवटा हाताला लागतो, त्याच्या खाली १० सेंटिमीटर अंतरावर दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजावा. फरक ३ सेंटिमीटरहून अधिक असेल तर तो लक्षणीय समजतात. फरक कमी आहे म्हणून निर्धास्त होऊ नये. इतर हेतू व लक्षणे जुळत असतील तर त्याच दिवशी कलर डॉपलर परीक्षणासाठी पाठवावे. पाऊल वर वाकवून पोटरीत वेदना होते काय हे पाहण्याची जुनी परीक्षा विश्वसनीय नाही. तिच्यावर निदान सोडू नये. श्वास लागणे, उरात टोचणे, भोवळ किंवा थुंकीतून रक्त यांपैकी काही असेल तर रुग्णालयाचाच मार्ग धरावा, वाटेत काढा वा चूर्ण देण्यात वेळ दवडू नये.

निदान झाले आणि रक्त न गोठू देणारी औषधे सुरू झाली, की बहुतेक रुग्णांना पूर्वीसारखे आठवडेच्या आठवडे अंथरुणावर खिळवून ठेवत नाहीत. प्रकृती स्थिर असल्यास लवकर चालावयास लावतात. ही औषधे सामान्यतः किमान तीन महिने चालतात. या काळात रुग्ण आपल्याकडे बल्य वा वेदनाहर औषधांसाठी येतो, तेव्हा रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढविणारी किंवा त्या औषधांच्या परिणामात ढवळाढवळ करणारी द्रव्ये त्याच्या चिकित्सकास कळविल्यावाचून सुरू करू नयेत, आणि त्या पायाच्या अभ्यंगाचा विचार त्या चिकित्सकाच्या संमतीनंतरच करावा.